वाळूतली रेघ

दाताळं फिरवून नुकतीच सारखी केलेली वाळू होती आणि तिच्यावर एक रेघ उमटली होती. वीतभर लांब, बोटभर रुंद. डाव्या मागच्या टापेच्या खुणेतून निघून पुढे सरकत विरून गेलेली. रिंगणात त्या वेळी चार वर्षांचा एक तांबूस-तपकिरी कुमैत घोडा उजव्या हाताला कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची चाल, करण्याचा प्रयत्न करत होता. पहिलं वर्तुळ बरं जायचं. दुसऱ्याच्या अर्ध्यावर शेपटी झटकली जायची, कान मागे जायचे आणि तो दुडकीवर यायचा. स्वार पुन्हा उठवायचा. मग पुढचे पाय उजव्या लीडवर, म्हणजे उजवा पाय आघाडीला ठेवून, आणि मागचे डाव्या, अशी पाठीला पिळा देणारी वेडीवाकडी चाल. मग टाच, मग चाबकाचा आवाज, आणखी चार ढांगा आणि पुन्हा दुडकी. कठड्याशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "नाटक करतोय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. घोड्याला सैल लगामावर दोन फेऱ्या चालवून आत नेलं. मधली वाळू एव्हाना पुरती विस्कटली होती, पण कठड्यालगतच्या पट्ट्यात, जिथे कँटर सुरू होण्याआधी तो नुसता चालला होता, तिथे त्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. दर पाच-सहा पावलांनी एक. सगळ्या डाव्या मागच्या पायाच्या.

नाटक करणारा घोडा नुसतं चालतानाही नाटक करतो का, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

कँटर ही तीन ठोक्यांची चाल. उजव्या लीडवर पहिला ठोका डाव्या मागच्या पायाचा. त्या क्षणी जमिनीवर तो एकटाच असतो आणि घोड्याचं व स्वाराचं वजन त्याच्यावरून पुढे ढकललं जातं. दुसऱ्या ठोक्याला उजवा मागचा आणि डावा पुढचा एकदम टेकतात, तिसऱ्याला उजवा पुढचा, आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. दुडकीत असं एकटेपण कुणाच्याच वाट्याला येत नाही. तिथे तिरकी जोडी जमिनीवर येते, तिरकी जोडी उचलली जाते आणि दुखरा पाय जोडीदाराच्या आडोशाला बराच काळ लपून राहतो. म्हणूनच दुडकीत गुळगुळीत दिसणारा घोडा कँटर मागितला की अचानक 'हट्टी' होतो. कमरेतून वाकणं, पाठ उचलणं, मागचे पाय पोटाखाली आणणं हे सगळं इथे प्रत्येक ढांगेत करावं लागतं. शिवाय कँटरमध्ये श्वासही ढांगेला बांधलेला असतो. एका ढांगेला एक श्वास. ढांगेची लय तुटली की श्वासाचीही तुटते. जवळून जाणारा घोडा कानांनीही तपासता येतो तो यामुळे. त्या कुमैताचा श्वास उजवीकडे अडखळत होता, डावीकडे मात्र नाकपुडीतून एकसारखा, जाड कापड फडफडल्यासारखा येत होता.

कँटर बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे शब्दांत धरून ठेवलं नाही तर सगळंच 'घोडा ऐकत नाही' या एका गाठोड्यात जातं. चुकीची लीड उचलणं वेगळं, उचललेली लीड मागच्या पायांत बदलणं वेगळं. मधली तिरकी जोडी फुटून चार ठोके ऐकू येणं वेगळं. दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकणं आणखी वेगळं. त्यात बहुतेकदा कंबर आणि पुठ्ठ्यांच्या मधला भाग, म्हणजे पाठीचा कणा जिथे माकडहाडाजवळ कमरेच्या हाडांना जोडला जातो तो सांधा, संशयाच्या घेऱ्यात येतो. कँटरमध्ये उठतानाच डोकं वर फेकणारा घोडा तोंड, लगामाची कडी, मान किंवा पाठ यांपैकी कशाबद्दल तरी बोलत असतो. घाईघाईने पळत सुटणारा घोडा उत्साही असतोच असं नाही. ज्याला आपलं वजन मागे तोलता येत नाही तो पुढे पडत जातो आणि पडू नये म्हणून पाय भराभर टाकतो. आणि एका बाजूला सातत्याने मागची लीड बदलणारा घोडा आपल्याला न झेपणारा पाय मोकळा करून घेत असतो. उजव्या लीडवर पहिला भार डाव्या मागच्या पायावर येतो, हे लक्षात घेतलं की वाळूतल्या त्या रेघेचं आणि तुटणाऱ्या कँटरचं नातं थोडं दिसू लागतं. थोडंच. कारण घोडा दुखरा पाय वाचवताना दुसऱ्यावर ओझं टाकतो, आणि जो पाय चुकीचा दिसतो तो कित्येकदा दुसऱ्याची चाकरी करत असतो.

तो लंगडत मात्र नव्हता.

हे वाक्य सर्वांत जास्त फसवतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर कमरेच्या दोन बाजू असमान हलतात. हे पाहायला घोडा कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकीवर पळवायचा, धरणाऱ्याने दोर सैल ठेवायचा, पाहणाऱ्याने एकदा मागून, एकदा पुढून, एकदा बाजूने पाहायचं. पण दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर डोकं कुठल्याच टापेला हलत नाही. फक्त ढांग तोकडी होते, आणि लोक म्हणतात, आज जरा आळसावलाय. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. कळपात लंगडणारा आधी मारला जातो, ही भीती त्याच्या हाडामांसात आहे, आणि मग दुखणं पायांऐवजी कानांतून, डोळ्यांतून, शेपटीतून बाहेर पडतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्य सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी मांडली. कान पाच सेकंद किंवा जास्त वेळ मागे राहणं, तोंड वारंवार उघडणं, शेपटी झटकत राहणं किंवा एका बाजूला धरणं, मागच्या पायाचं टोक ओढणं, चुकीची लीड, मागची लीड बदलणं, न सांगता कँटरमधून दुडकीवर येणं, अडखळणं, उसळणं. यांपैकी आठ किंवा अधिक गोष्टी दिसल्या तर हाडं, सांधे किंवा स्नायूंमध्ये दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. हातात कागद घेऊन दहा मिनिटं शांत बसून पाहिलं की जे तासन्‌तास डोळ्यांसमोर होतं ते दिसू लागतं. त्या सकाळी कठड्याशी उभं राहून बोटं मोजली असती तर आठाचा आकडा पहिल्या तीन वर्तुळांतच ओलांडला असता.

तरीही घाई नको वाटते, दुखण्याच्या बाजूनेही. चार वर्षांचा घोडा मोठा दिसतो, पण तो अजून घडतोच आहे. पायांची खालची हाडं लवकर पक्की होतात. कण्याच्या मणक्यांची वाढ थांबायला पाच वर्षं उलटावी लागतात, कित्येकदा त्याहून जास्त. मधल्या काळात कधी पुठ्ठे खांद्यापेक्षा वर जातात आणि काही महिने घोडा उतारावर उभा असल्यासारखा दिसतो. त्या महिन्यांत त्याला कँटर तोलून धरता येत नाही, खोगीर पुढे खांद्यावर सरकतं, आणि गेल्या मोसमात सहज जमणारी गोष्ट विसरल्यासारखी होते. तोंडातही उलथापालथ चाललेली असते. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान चोवीस दुधाचे दात पडून पक्के येतात. दाढेवर सैल टोपीसारखा बसलेला दुधाचा दात किंवा कडीला लागणारा लहानसा 'लांडगा दात' एका बाजूची लगाम नकोशी करतो, आणि मग तो घोडा वर्तुळावर वाकत नाही, आणि वाकत नाही म्हणून लीड चुकते. शिवाय जवळजवळ प्रत्येक घोडा जन्मतःच एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला ताठ असतो. एक लीड अवघड असणं हे आजाराचं लक्षण धरलं तर निरोगी घोडा सापडणार नाही. अशक्तपणा, वाढ, अडाणीपणा आणि दुखणं या चारही गोष्टी बाहेरून एकसारख्या दिसतात. एवढंच म्हणता येतं की अडाणीपणा रोज थोडा कमी होतो आणि दुखणं रोज थोडं वाढतं किंवा तिथेच राहतं. दोन आठवडे नीट, शांत काम करूनही उजवा कँटर जिथल्या तिथे असेल, तर आणखी शिकवणं हे उत्तर नसतं.

क्रम पाळला की घोडा बरंच सांगतो. आधी मोकळ्या कुरणात किंवा बंदिस्त रिंगणात अंगावर काहीही न घालता त्याला दोन्ही हातांना पळू द्यायचं आणि नुसतं पाहायचं. मग लांब दोरावर, अंगावर फक्त मोहरकी, म्हणजे तोंडावरचा साधा पट्टा. मग खोगीर चढवून, पण रिकिबी वर बांधून. मग हलका, शांत बसणारा स्वार. शेवटी नेहमीचा स्वार. बिघाड ज्या पायरीवर पहिल्यांदा दिसतो, ती पायरी लिहून ठेवायची. मोकळा असतानाच मागची लीड बदलत असेल तर खोगीर आणि स्वार यांना दोष देऊन वेळ घालवायचा नाही. खोगीर चढताच बदल झाला तर प्रश्न पाठीचा किंवा तंगाचा, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचा. स्वार बसल्यावर झाला तर वजन, मांड, एका बाजूला झुकणारं कंबरडं, किंवा भार पडल्यावरच बोलणारी पाठ. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावेत असं साधारण मानतात. ४५० किलोच्या घोड्याला ती कमाल ९० किलो होते, आणि कोवळ्या पाठीला त्याहून बरंच कमी बरं. दोरावरचं वर्तुळ वीस मीटर व्यासाहून लहान नको, दोन्ही बाजू मिळून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. लहान वर्तुळावर निरोगी घोडासुद्धा वाकडा चालतो आणि सांध्यांना पीळ बसतो तो वेगळाच. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. खोगीर, कडी, स्वार आणि खुराक एकाच आठवड्यात बदलले तर सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं तर हातात काहीच उरत नाही.

आणि चित्रण करायचं. डोळ्याला कँटरचे तीन ठोके वेगळे काढता येत नाहीत. १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची चित्रं घेईपर्यंत चारही पाय एकदम हवेत असतात का, आणि असतात तर नेमके केव्हा, यावर वाद चालत असे. आता खिशातल्या फोनवर संथ गतीत तेच दिसतं. फोन एका जागी, घोड्याच्या कमरेच्या उंचीवर, बाजूने, मग मागून, दोन्ही लीड, कमीत कमी आठ-दहा ढांगा सलग. त्या कुमैताचं चित्रण असं पाहिल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. डावा मागचा पाय मागे ताणला जात होता आणि तिथेच क्षणभर राहत होता, जणू कुणी टापेला धरून ठेवलंय. मग तो झटक्याने सुटायचा, पण तोवर उशीर झालेला असायचा. टोक वाळूत घासत पुढे यायचं. मोकळं पळतानाही, दोरावरही. अंगावर खोगीर नसतानाही.

हात फिरवण्याची पाळी त्यानंतर येते, आणि ती घाईने उरकण्यासारखी गोष्ट नाही. खरारा झाल्यावर, घोडा आपल्या जागी, शांत असताना. आधी सगळा तळवा, उलटा आणि सुलटा, ऊब शोधण्यासाठी. मग कण्यापासून चार बोटं बाजूला, खांद्यावरच्या उंचवट्याच्या मागून पुठ्ठ्यापर्यंत, बोटांच्या पेरांनी हळूहळू वाढत जाणारा दाब. टोकदार काहीही टोचायचं नाही. त्याने निरोगी पाठसुद्धा दचकून खाली जाते आणि आपण नसलेलं दुखणं शोधून काढतो. हात पाठीवर असला तरी नजर तोंडावर हवी. जबडा आवळला जातो, श्वास थांबतो, डोळ्यावर सुरकुती येते, कान तिथेच वळतो. स्नायू दाबताच थरथरून लाकडासारखा होतो आणि हात काढल्यावरही सुटत नाही, तिथे थांबायचं. दुसऱ्या बाजूशी ताडून पाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. नव्या किंवा जास्त कामानंतर स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवस राहतं आणि ओसरतं. आठवडाभर एकाच जागी राहिलेलं दुखणं कामाचं नसतं. कुमैताची पाठ खोगिराखाली दोन्हीकडे आखडलेली होती, उजवीकडे जास्त. कितीतरी लोक इथेच थांबतात. पाठ दुखते, म्हणजे मालिश, म्हणजे नवं खोगीर. पण पाठ स्वतः होऊन फार क्वचित दुखते. बहुतेकदा ती कुणाचं तरी काम करून थकलेली असते.

खोगीर अर्थात पाहायलाच हवं, कारण वाढत्या घोड्याचा आकार दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो आणि गेल्या मोसमातलं खोगीर त्याला लहान झालेल्या बुटासारखं चावतं. स्वार बसल्यावर खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहते का, मधला पन्हळ कण्याला कुठे टेकत नाही ना, मागची कड शेवटच्या बरगडीपलीकडे कमरेवर जात नाही ना. काम झाल्यावर घामाचा ठसा पाहायचा. सगळीकडे ओलं आणि मधेच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब जास्त असल्याचा संशय घ्यायचा. एक गोष्ट मात्र मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी. खोगीर सतत एकाच बाजूला घसरत असेल तर पहिला संशय स्वाराच्या वाकड्या बसण्यावर जातो, पण मागच्या पायाचं दुखणंही तेच करतं. तो पाय बधिर केल्यावर खोगीर सरळ बसल्याचं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे स्वाराला वर्षभर सरळ बसायला शिकवूनही ज्याचं मूळ घोड्याच्या मागच्या पायात आहे ते जाणार नाही.

तंग आवळताना चावायला येणारा घोडा पोटाबद्दलही बोलत असू शकतो. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास स्रवतं, चारा असो वा नसो. रिकाम्या पोटी कँटर केला की पोटावर दाब पडतो, आम्ल वर उसळतं आणि जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला लागतं. कामाआधी अर्धा तास थोडा चारा खायला घातला तर तो वर तरंगतो आणि आम्लाची उसळी अडवतो. व्रण आहेत की नाहीत हे दुर्बिणीनेच कळतं, अंदाजाने नाही. वेदनाशामक देऊन बघू, हा मोह इथे आवरावा. ती औषधं जठराला आणखी सोलतात, आणि वेदना थांबली नाही म्हणून दुखणं नाही असा निष्कर्षही निघत नाही. अशी चाचणी करायचीच तर ती पशुवैद्याने.

नाल मात्र खोटं बोलत नाही. नालबंद जुनी नाल काढतो तेव्हा ती फेकून देण्याआधी हातात घेऊन पाहावी. कुमैताच्या डाव्या मागच्या नालेचं टोक चकचकीत झिजलेलं होतं, इतकं की कड पात्यासारखी झाली होती. उजवी नाल साधारण सारखी. नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलायची म्हणतात ते याचसाठी की त्या काळात टोक लांबतं आणि लांब टोकावरून पाय उलटायला जास्त वेळ व जास्त जोर लागतो. इथे टोक लांब होतं, टाच खाली बसलेली होती. आधीच उशिरा सुटणाऱ्या पायाला हे ओझं आणखी उशीर करत होतं. नव्या नालेनंतर एक-दोन दिवसांतच घोडा बिथरला तर खिळा जवळून गेलाय का ते पाहायचं. खूर गरम, घोट्यामागची नाडी उड्या मारणारी, असं असेल तर त्याच दिवशी नालबंदाला परत बोलवायचं.

पशुवैद्याने जे शोधलं त्याचं नाव, गुडघ्याची वाटी अडकणं, ऐकून बरं वाटलं आणि थोडं वाईटही. मागच्या पायाचा खरा गुडघा पोटाजवळ, मांडीच्या पुढे असतो. त्याला स्टायफल म्हणतात. तिथल्या वाटीला खाली तीन बंध असतात, आणि आतल्या बाजूचा बंध मांडीच्या हाडाच्या कंगोऱ्यावर अडकवून घोडा आपला पाय कुलूप लावल्यासारखा ताठ करू शकतो. याच कुलपामुळे तो उभ्या उभ्या डुलकी घेतो आणि स्नायू दमत नाहीत. पण कोवळ्या वयात मांडीचे स्नायू पुरते भरलेले नसतात, आणि सरळसोट मागच्या पायांच्या, भराभर उंच वाढलेल्या घोड्यात तो बंध कंगोऱ्यावरून वेळेवर निसटत नाही. पूर्ण अडकला तर पाय मागे ताठ राहतो आणि कुणालाही कळतं. अर्धवट, क्षणभर अडकत असेल तर दिसते फक्त एक रेघ. कँटरमधून दुडकीवर येताना धक्का बसतो, वळणात मागची लीड बदलते, खोल वाळूत वाढतं, आणि आतल्या सांध्याला रोज थोडा थोडा त्रास देत राहतं. घोडा तो पाय एकट्याने पुढे ढकलायला कचरतो, पाठीने आणि दुसऱ्या बाजूने ओढून नेतो, म्हणून पाठ. एक्स-रे काढून मांडीच्या हाडाच्या कंगोऱ्यावर कूर्चेचा दोष नाही ना हे पाहावं लागलं, कारण कोवळ्या घोड्यात तोही याच सांध्यात, याच वयात उगवतो. तो नव्हता.

उपाय ऐकून काहींना पटला नाही. दुखतंय म्हटल्यावर आराम हे सगळ्यांना कळतं. इथे आराम उलटा पडतो. दोन-तीन दिवस ठाणबंद ठेवलेल्या घोड्यात वाटी जास्त अडकते, कारण मांडीचा स्नायू ढिला पडतो. म्हणून जमेल तेवढा वेळ कुरणात मोकळा, आणि काम सरळ रेषेत. आधी हाताने, मग स्वाराखाली, घट्ट जमिनीवर लांब सरळ चाल. सौम्य चढावर दहा-बारा मिनिटं चढत, आणि उतरताना सावकाश. दुडकीसाठी चार ते सहा दांड्या जमिनीवर, त्यांच्यात घोड्याच्या ढांगेनुसार १.२ ते १.४ मीटरचं अंतर. काही आठवड्यांनी एकेक टोक दहा-पंधरा सेंटिमीटर उचलून, म्हणजे पाय आपोआप वर घ्यावा लागतो. लहान वर्तुळं बंद, खोल वाळू बंद. नालबंदाने टोक आखूड करून गोलसर घडवलं आणि टाच किंचित उचलली. पाठीसाठी खोगिराच्या गादीत भर, आणि लांब, खालच्या मानेने दुडकी. हे सगळं आठवड्यातून पाच दिवस, तीस-चाळीस मिनिटं, कंटाळवाणं वाटेल इतक्या नियमाने. कंटाळा इथे शुभ असतो.

कँटर शेवटी. आणि ढांगा मोजून. दुडकीत वीस मीटरच्या वर्तुळावरून लांब बाजूकडे वळताना, घोडा आधीच किंचित उजवीकडे वाकलेला असतो तेव्हा, आतला पाय तंगापाशी, बाहेरचा वीतभर मागे, खांदा आतल्या बाजूला न टाकता. स्वाराने पुढे झुकून लीड कुठली आहे हे डोकावून पाहिलं की वजन नेमकं त्याच खांद्यावर पडतं जो उचलायला हवा. सहा किंवा आठ ढांगा, आणि घोडा तुटण्याआधी आपणच दुडकी मागायची. मोडलेल्या कँटरला पुन्हा पुन्हा उठवलं की घोडा मोडणंच शिकतो. थांबवलेल्या कँटरमधून तो थांबणं शिकतो. दर तीन-चार दिवसांनी दोन ढांगा वाढवायच्या, बिघाडाचं लक्षण दिसलं तर पुन्हा मागे जायचं. आणि घोडा कधी कामात अचानक घामाने निथळून ताठ झाला, पुठ्ठे दगडासारखे लागले, लघवी काळपट आली, तर तिथल्या तिथे उभं करून पशुवैद्याला बोलवायचं; एकही पाऊल चालवायचं नाही.

एक गोष्ट अजूनही सुटत नाही. दाताळं फिरवलेली वाळू रोज तिथेच होती. तो चालला होता, दर पाच-सहा पावलांनी एक ओळ लिहीत, आणि आपण सगळे कँटरकडे पाहत होतो, कारण बिघाड तिथे होता आणि आवाजही तिथे होता. स्वाराचा राग खोटा नव्हता. तोही घाबरलेला होता, चार वर्षांचा, चांगल्या चालीचा घोडा हातातून जातोय म्हणून. 'नाटक' या शब्दामागे पुष्कळदा हीच भीती असते. घोडा नाटक करत असेल तर ते आपल्याला थांबवता येतं. दुखत असेल तर आपण काय करत होतो याचा हिशोब द्यावा लागतो. आणि तरी हेही खरं की शंभर वेळा शंका घेऊन घोड्याला कामच न देणाऱ्यांच्या हाती तो घोडा अशक्तच राहतो, आणि इथे तर अशक्तपणा हेच दुखणं होतं.

आठ आठवड्यांनंतरची एक सकाळ. वाळू सारखी केलेली. कुमैत कठड्यालगत सैल लगामावर चालत गेला आणि त्याच्या मागे खुणा पडत गेल्या. चाळीस पावलांत दोन रेघा, बोटभर लांबीच्या. उजवीकडे कँटर, चौदा ढांगा. नवव्या ढांगेला डावा मागचा किंचित रेंगाळला, पण लीड बदलली नाही. श्वास एकसारखा येत होता. चौदाव्या ढांगेला स्वाराने दुडकी मागितली, घोड्याने एक कान त्याच्याकडे वळवला आणि दिली. मग त्याने मान लांब केली, नाक वाळूपर्यंत नेलं आणि फुर्र करून तिथली वाळू उडवली.